जिवंत बाईंना श्रद्धांजली

मी माइक बोलतोय. दचकू नका. आजवर माणसंच माझ्या तोंडाशी तोंड आणून बोलत आली, आणि तीही अशी की मधे श्वास घ्यायलासुद्धा त्यांना सवड नसायची. त्यात मी कुठे तोंड घालणार? आज जरा निवांतपणा आहे, तर म्हटलं आपलंही सांगून टाकावं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे पुढे जात होतो आणि वाटेत कोणी मला जाळी बसवली, कोणी वायर जोडली, कोणी कमरेला बटण लावलं. पट्ट्याच्या टोकाला एक कंटाळलेल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्यात तोंड घालून विचारलं, "हॅलो, ऐकू येतंय का?" चांगलं खणखणीत ऐकू येत होतं. पण उत्तराची वाट न बघता त्यांनी मला खोक्यात कोंबलं. माणसं प्रश्न विचारतात ते उत्तरासाठी नव्हे, हे मला जन्मल्या दिवशीच कळलं. पुढच्या आयुष्यात या ज्ञानाचा फार उपयोग झाला.

खोक्यावर 'व्यावसायिक दर्जा' असं ठसठशीत छापलेलं होतं. मी हुरळलो. मग दुकानात बघितलं तर शेजारच्या टेबललॅम्पच्या खोक्यावरही तेच छापलेलं.

मला विकत घेतलं ते कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने. तिला गायिका व्हायचं होतं. निश्चय अगदी पक्का होता, म्हणजे सहामाहीचा निकाल लागेपर्यंत पक्का होता. ती डोळे मिटून दुसऱ्यांची गाणी म्हणायची आणि इंटरनेटवर टाकायची. खाली मैत्रिणी 'भारी' लिहायच्या आणि आई 'छान, पण अभ्यास?' असं लिहायची. निकाल लागला, आईचा प्रश्न रास्त ठरला आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. तिथे मेलेले चार्जर, एक पट्टा तुटलेलं घड्याळ आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या अशी मंडळी होती. प्रत्येकाला वाटायचं, आपल्याला कुणीतरी लवकरच बाहेर काढणार. मलाही वाटू लागलं, तेव्हा मी समजलो की आपणही त्यांच्यातलेच झालो.

ही मुलगी काका-काकूंकडे राहायची. पुढे ती हॉस्टेलवर गेली आणि मला विसरून गेली. एके दिवशी काका टॉर्चचे सेल शोधायला आले आणि सेलऐवजी मी हाताला लागलो.

काका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचे. दिवसभर समोर साच्यांमधली उघडी तोंडं, आणि त्यातलं एकही ऐकायला किंवा बोलायला तयार नाही. त्यामुळे असेल, पण घरी आल्यावर काकांच्या तोंडाला खंड नसे. विषय एकच, संगीत. त्यातलंही जुनं. आणि जुन्यातलंही असं, जे इतर कुणी ऐकलेलं नाही. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. घरी आल्यावर त्यांना शांतता हवी असायची. ती त्यांना लग्नानंतर मिळालेली नव्हती.

काकूंना एक धाकटी बहीण. ती हॉस्पिटलात नर्स होती. तिचा नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. म्हणजे तो काकांचा साडू. आता साडूंचं नातं कसं असतं ते तुम्ही जाणताच. बायका बहिणी म्हणून दोघांनी एकमेकांकडे बघून हसायचं, "काय मग, कसं काय?" "चाललंय!" एवढं बोलायचं आणि जेवणाची वाट बघायची. या दोघांनी कित्येक वर्षं याहून अधिक एक शब्द उच्चारला नव्हता.

मग एका वाढदिवसाला गर्दीला कंटाळून दोघेही गॅलरीत येऊन उभे राहिले. साडू कानात इअरफोन घालून काहीतरी ऐकत होते. काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यांनी एक इअरफोन काढून काकांपुढे धरला. काकांनी तो पुसून कानात घातला. कुठल्या तरी अनोळखी गावातल्या अनोळखी पोरांनी बादल्या नि बाटल्या वाजवून केलेलं गाणं होतं ते. काका ऐकत राहिले. आत केक कापून झाला, फोटो काढून झाले, दोघांना हाका मारून मारून धाकटीचा घसा बसला, आणि हे दोन गृहस्थ एका वायरीने बांधल्यासारखे गॅलरीत उभे. हा प्रसंग मी बघितलेला नाही. पण पहिल्याच भागात दोघांनी तो इतक्या तपशिलात सांगितला की गॅलरीतल्या कुंड्यासुद्धा मला पाठ झाल्या.

हो, भागात. कारण दोघांनी पॉडकास्ट काढला. नाव 'कान टवकारून'. नव्या, अनोळखी संगीताचा शोध घेणारा कार्यक्रम.

कार्यक्रमाचा स्टुडिओ म्हणजे काकांच्या घरातली अडगळीची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर रजया टांगल्या, दाराच्या फटीत जुना टॉवेल खोचला. एका बॅगेवर काका, दुसऱ्या बॅगेवर साडू, गुडघ्याला गुडघे लागलेले आणि मधे स्टुलावर मी. दर रविवारी दुपारी दोन मोठी माणसं आत जाऊन दार लावून घ्यायची आणि घामाने निथळत बाहेर यायची.

"शेजारच्यांनी विचारलं तर काय सांगू?" काकू दाराबाहेरून विचारायच्या.

"सांग, रेकॉर्डिंग चाललंय!" काका म्हणायचे.

"त्यापेक्षा भांडण चाललंय म्हणते. त्यांना पटेल तरी."

माणसांची एक खोड मी तिथे बारकाईने पाहिली. माझा लाल दिवा लागला की त्यांचा आवाज बदलतो. एरवी "अगं, माझा चष्मा कुठाय?" असं किंचाळणारे काका दिवा लागला की विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे बोलत. "नमस्कार, रसिकहो. संगीत म्हणजे काय?" बाहेर रसिक किती होते? एक पुतणी, जी हॉस्टेलमधून न ऐकताच अंगठा दाखवायची. एक धाकटी, जी ड्यूटीवर जाता-येता ऐकायची. आणि एक तिसरा अज्ञात श्रोता होता, ज्याच्याबद्दल दोघांनी बरेच तर्क बांधले. पुढे कळलं की ते साडूच स्वतःच्या ऑफिसच्या फोनवरून ऐकत होते.

संगीत शोधण्याचं काम साडूंकडे. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतींत फिरताना ते इंटरनेटवर भटकत राहायचे. एक गाणं ऐकलं की त्याच्या बाजूला दुसरं दिसतं, दुसऱ्याच्या बाजूला तिसरं, असं करत करत माणूस कुठल्या कुठे पोचतो. खरं म्हणजे त्यांना ते एक आंधळं यंत्र सुचवत होतं. पण हे दोघे म्हणायचे, "आम्ही शोधून काढलं." बोटाने पडदा वर सरकवायचा, आणि आव असा की डोंगर चढून आलोय.

शिवाय त्यांचा एक नियम होता. गाणं कमी लोकांनी ऐकलेलं हवं. एकदा साडूंनी आणलेलं सुंदर बासरीचं गाणं ऐकून काकांचे डोळे भरून आले. मग त्यांनी खाली आकडा बघितला, आणि डोळे कोरडे झाले. "अरे, हे तर सगळ्यांनीच ऐकलंय," ते म्हणाले. "काढून टाक."

'अरे' म्हणाले, लक्षात घ्या. पहिल्या भागात दोघे एकमेकांना 'अहो' म्हणत होते. त्या खोलीत बॅगांवर बसून, एकमेकांचा घाम नि ओरडा सोसून, ते कधी 'अरे'वर आले ते त्यांनाही कळलं नाही. मला कळलं, कारण ऐकणं हा माझा धंदा आहे. कार्यक्रम कसा का असेना, दोन माणसांना त्यांच्या मधल्या वयात एक मित्र मिळाला होता. हे मी काही उपहासाने म्हणत नाही. अधूनमधून मला सरळही बोलता येतं.

मग एका रविवारी साडू आले ते बॅगेवर टेकायच्या आधीच म्हणाले, "दादा, आज काही बोलू नकोस. फक्त ऐक."

त्यांनी फोनवर गाणं लावलं. अ‍ॅकॉर्डियन वाजत होतं. भात्याचं वाद्य ते, पेटीसारखंच, पण गळ्यात अडकवून वाजवायचं. सोबत कुणी बाई अगदी खालच्या पट्टीत गुणगुणत होत्या. शब्द नव्हते. चाल साधी होती, पण दर वेळी वळणावर येऊन जरा थबकायची, जणू पुढे जावं की न जावं. आणि मागे, सगळ्याच्या मागे, अधूनमधून 'फुस्स' असा एक लांब आवाज.

गाणं संपलं तरी काका बोलले नाहीत. मला वाटलं माझी वायर निघाली.

"कोण आहे ही?" शेवटी त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. नाव नाही, फोटो नाही. अशीच थोडी गाणी आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी टाकलेली. त्यानंतर काहीच नाही."

"काहीच नाही," काका पुटपुटले. "आणि तो मागचा आवाज?"

"वाफेचा असावा. कुठलं तरी मशीन आहे."

"मशीनच. पण कुठलं? अरे, तो ऑक्सिजन आहे! ही बाई आजारी होती. अंथरुणावरून वाजवलंय हे."

"अंथरुणावर अ‍ॅकॉर्डियन?"

"म्हणून तर थबकतेय ना ती! श्वास पुरत नाहीये." काकांचे डोळे चमकायला लागले. "आणि त्यानंतर काहीच नाही. कळलं तुला? ती गेली."

 तेवढ्यात माझा लाल दिवा लागला आणि काका विहिरीच्या तळाशी जाऊन पोचले.

तो भाग मी विसरणार नाही. काकांनी त्या बाईंना एक अख्खं आयुष्य बहाल केलं. एकाकी बालपण, न कळलेलं प्रेम, खिडकीजवळची खाट, शेवटच्या संध्याकाळी मागून घेतलेलं अ‍ॅकॉर्डियन. सुरुवातीला 'कदाचित' म्हणाले, मग 'असं वाटतं' म्हणाले, शेवटी शेवटी तर असे सांगू लागले की उशाशी हेच बसले होते. सांगताना स्वतः रडले. साडूही रडले. बाईंचं गाणं किती वाजलं म्हणाल, तर काकांच्या हुंदक्यांतून जागा मिळेल तेवढं.

धाकटीने दुसऱ्या दिवशी फोन केला. काकूंनी तो दाराशीच स्पीकरवर टाकला, म्हणून मलाही ऐकू आला. "भावोजी, ऑक्सिजनचा आवाज असा नसतो हो. मी रोज ऐकते."

"अगं, तुमच्या हॉस्पिटलात नसेल," काका म्हणाले.

आणि तो भाग चालला. असा चालला की दोघांना झोप येईना. लोकांनी तो एकमेकांना पाठवला. कुणी लिहिलं, 'गाडी बाजूला घेऊन रडलो.' कुणी लिहिलं, 'आपण कलावंतांची कदर करत नाही.' कुणी बाईंवर कविता केली. एकाने तर आपण त्यांना लहानपणी भेटल्याची आठवणही लिहिली, आणि काकांनी ती मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली. लॅबमधल्या दातांच्या डॉक्टरांनी काकांशी पहिल्यांदा हात मिळवला. काकांनी नवा चष्मा केला. आवाज आणखी खोल गेला.

आणि मग त्या सगळ्या अश्रूंच्या खाली एक ओळ आली.

'ते मी वाजवलं आहे. मी जिवंत आहे. माझी लॉन्ड्री आहे, आठवडाभर उघडी असते. येऊन खात्री करून घ्यावी.'

खाली लॉन्ड्रीचा पत्ता. काकांच्याच गावातला.

चाहत्यांनी काय केलं असेल? आनंद? छे. 'मेलेल्या माणसाची थट्टा करताना लाज वाटत नाही?' असं एकाने तिथल्या तिथे सुनावलं. दुसऱ्याने लिहिलं, 'अशा बायका प्रसिद्धीसाठी काहीही करतात.' बाई मेल्या होत्या तेव्हा देवी होत्या. जिवंत आहेत म्हणाल्याबरोबर 'अशा बायका' झाल्या.

त्या रविवारी खोलीतली हवा वेगळी होती.

"आपण जाऊन येऊ," साडू म्हणाले.

"कशाला? कुणीतरी खोडसाळपणा करतंय."

"आणि नसेल करत तर? दादा, तो वाफेचा आवाज होता. मी तेव्हाच म्हटलं होतं. लॉन्ड्रीत वाफेच्याच इस्त्र्या असतात."

काका माझ्या जाळीवरची धूळ पुसत बसले. मला त्याची गरज नव्हती. "समजा, असेल ती," ते म्हणाले. "मग काय करायचं? लोकांना सांगायचं, माफ करा, कुणी मेलेलं नाही? अरे, इतक्या लोकांनी पहिल्यांदाच आपलं ऐकलंय!"

"आपलं नाही ऐकलं. तिचं ऐकलंय."

"तिचं तर वर्षानुवर्षं तिथे पडून होतं! कुणी विचारत नव्हतं तिला. मी सांगितली तिची गोष्ट, म्हणून ऐकलं लोकांनी."

"तू तिची नाही सांगितलीस. तू कुणाचीच नाही सांगितलीस."

काकांनी हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग अगदी थंडपणे म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही या जाऊन. तुम्हाला वेळ असतो."

'तुम्ही'. साडू उठले, रजई बाजूला सारली, "येतो, साडूभाऊ," म्हणाले आणि गेले. इतके भाग खपून जे 'अरे' मिळालं होतं, ते एका दुपारी 'अहो' झालं. मला बंद करायचंही राहून गेलं. काका त्या बॅगेवर एकटे बसून राहिले आणि मी त्यांचा नुसता श्वास टिपत राहिलो. रजयांमुळे तो फार स्वच्छ टिपला गेला.

साडू दोन शर्ट घेऊन लॉन्ड्रीत गेले. नुसतं कसं जायचं, म्हणून शर्ट. ते धुतलेलेच होते, असं बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं. आणि पुढच्या रविवारी साडू एकटे आले नाहीत. दाराची बेल वाजली, काकूंनी दार उघडलं, आणि बाहेर साडूंसोबत दोन बायका उभ्या होत्या. एक पन्नाशीच्या पुढची, धिप्पाड, खांद्याला अ‍ॅकॉर्डियनची भलीमोठी पेटी. दुसरी तिची मुलगी.

"श्रद्धांजली वाहणारे गृहस्थ कुठे बसतात?" बाईंचा आवाज माझ्यापर्यंत रजया भेदून आला. माझ्यासारख्या यंत्राची त्यांना कधीच गरज पडली नसणार.

काका खोलीच्या दाराशी आले. बाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं, मग रजया, बॅगा, टॉवेल आणि मी.

"इथेच मारलंत होय मला?" त्या म्हणाल्या. "जागा जरा बरी तरी बघायचीत."

काकूंना हसू आवरेना. काका मात्र काहीतरी जुळवून बोलू लागले. म्हणाले, "बाई, आपली कला अंधारात होती. आम्ही तिला शोधून—"

"शोधून? मी हरवले होते का? रोज दुकानात बसते. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा वाजवते. चांगली वाजवते, ते मला ठाऊक आहे. ही शाळेत होती तेव्हा हिने फोनवर रेकॉर्ड करून टाकलं, मग हिचा पासवर्ड गेला. बस, एवढीच तुमची ती शोकांतिका."

काकांनी हसायचा प्रयत्न केला. "तरीही, लोकांच्या मनाला तुमची गोष्ट..."

आतापर्यंत गप्प उभी असलेली मुलगी तेव्हा बोलली. तिचा आवाज आईच्या अगदी उलट, बारीक. "काका, मी नोकरीसाठी दुसऱ्या गावात असते. मला मैत्रिणीने तुमचा कार्यक्रम पाठवला. 'ही तुझ्या आईची चाल ना,' म्हणाली. मी बसस्टॉपवर ऐकला. आईला फोन लावला तर उचलेना. परत लावला, उचलेना. मला खरंच वाटलं. मी तशीच गाडीत बसले आणि अख्खा रस्ता फोन लावत आले. शेजारच्या बाईंनी माझा हात धरून ठेवला होता."

"फोन चादरींच्या गठ्ठ्याखाली राहिला होता माझा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ही दुकानात शिरली तेव्हा मी गिऱ्हाइकाशी भांडत होते. हिने मला मिठी मारली आणि खालीच बसली. मला आधी कळेचना, झालंय काय."

 काकू हसायच्या थांबल्या होत्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.   

"बस, पोरी," शेवटी काका म्हणाले आणि आपली बॅग पुढे सरकवली. तिच्याकडे बघवेना, म्हणून जमिनीकडे बघत म्हणाले, "माझं चुकलं. आवाज ऐकला आणि बाकीचं मनानेच रचलं. फार छान जमतंय असं वाटलं, म्हणून थांबलो नाही."

मग त्यांनी साडूंकडे बघितलं. "तू म्हणाला होतास. वाफ आहे म्हणून."

"म्हणालो होतो," साडू म्हणाले. "पण रडलो मीही."

'तू'. ऐकलंत ना?

त्याच दुपारी रेकॉर्डिंग झालं. दिवा लागला, आणि काका बोलले ते त्यांच्या घरच्या आवाजात, चष्मा शोधताना असतो त्या. "मागच्या वेळी मी एका जिवंत बाईंना मेलेलं ठरवलं. ऑक्सिजन, खाट, खिडकी, सगळं माझ्या डोक्यातलं होतं. त्या इथे बसल्या आहेत. त्यांच्या मुलीला माझ्यामुळे फार त्रास झाला. आता त्या वाजवतील आणि मी गप्प बसेन."

बाईंनी पेटी उघडली, पट्टे खांद्यावर घेतले. जागा इतकी कमी की भाता उघडला की साडूंना मागे झुकावं लागे आणि मिटला की काकांना. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, काकू तिच्या मागे. बाईंनी तीच चाल धरली. वळणावर येऊन थबकल्या, तेव्हा मी नीट ऐकलं. श्वास वगैरे काही कमी पडत नव्हता. त्यांना तिथे थांबायला आवडत होतं, इतकंच.

मी आयुष्यभर 'हॅलो' आणि 'रसिकहो' गिळत आलोय. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की खोक्यावर छापलं होतं ते अगदीच खोटं नसावं.

आता तुम्हाला वाटेल, हा भाग आणखी गाजला असेल. अहो, कसलं काय! खऱ्या बाई, खरं वाद्य, पूर्ण गाणं, मधे एकही हुंदका नाही. लोक नाराज झाले. 'जिवंत आहे होय? मग ठीकठाकच वाजवते,' असं एकाने लिहिलं. ज्याने गाडी बाजूला घेऊन अश्रू ढाळले होते, त्याने अश्रू वाया गेल्याची तक्रार केली. कवीने कविता काढून टाकली. लहानपणी भेटलेल्याने आपण वेगळ्याच बाईंना भेटलो होतो असं कळवलं. बघता बघता सगळे पांगले आणि उरले पुन्हा पुतणी, धाकटी आणि ऑफिसचा तो फोन.

काकांना वाईट वाटलं. नाही कसं? पण त्यांनी तो भाग काढला नाही. काढला तो आधीचा. एकदाच साडूंनी सुचवलं, "दादा, ठेव की आठवण म्हणून." काका म्हणाले, "ती पोर पुन्हा कधीतरी ऐकेल," आणि बटण दाबलं.

'कान टवकारून' त्यानंतर थोडाच चालला. काकांना आता दर वाक्याआधी 'कदाचित' म्हणावंसं वाटायचं, आणि 'कदाचित'ने भरलेला कार्यक्रम कोण ऐकणार? एका रविवारी दोघे बॅगांवर बसले, फोनवर गाणी लावली, आणि मला सुरू करायचं कुणालाच सुचलं नाही. दुसऱ्या रविवारीही तेच. मग रजया उतरल्या, दार उघडलं, वारा आला. काकू म्हणाल्या, "आता शेजारी विचारायला लागलेत, भांडण मिटलं का म्हणून."

मला वाटलं, आता आपण पुन्हा ड्रॉवरमध्ये. किल्ल्यांना काय तोंड दाखवायचं याची तयारीही मी मनाशी केली. पण काकांनी मला पुसलं, वायर गुंडाळली आणि लॉन्ड्रीत नेऊन बाईंच्या काउंटरवर ठेवलं. "तुमच्याकडे शोभेल," म्हणाले. एवढंच. इतक्या थोडक्यात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

हल्ली मी इथेच असतो. हवा दमट आहे, माझी जाळी गंजायला लागलीय, आणि शेजारची इस्त्री 'फुस्स' करत माझ्या अंगावर उसासे टाकते. बाईंनीही कार्यक्रम काढलाय. संगीताचा? छे हो, तेवढ्या त्या भोळ्या नाहीत. डागांचा. शाईचा डाग कसा काढायचा, तेलाचा कसा, कॉलरचा मळ का जात नाही. नेहमीच्या वरच्या पट्टीत, श्रोत्यांना रागावत. हजारो माणसं ऐकतात. ज्या देशोदेशीच्या रसिकांची काका वाट बघत बसले होते, ते सगळे डाग घेऊन इथे आलेत.

डाग सांगून झाला की बाई काही न बोलता अ‍ॅकॉर्डियन खांद्याला लावतात आणि थोडं वाजवतात. रविवारी दुपारी दोघे साडू येऊन चादरींच्या गठ्ठ्यांवर बसतात. ते अगदी गप्प असतात, कारण तोंड उघडलं तर हाकलून देईन अशी बाईंनी दोघांना तंबी दिली आहे. श्रोत्यांचं म्हणाल, तर बहुतेक लोक वाजवणं सुरू झालं की बंद करतात. काहीजण तक्रारही करतात, 'शेवटी ते वाजवणं कशाला? मुद्द्याचं बोला.'

पण परवा एक निरोप आला. मुलगी सुट्टीला आली होती, तिने वाचून दाखवला. लांबच्या कुठल्याशा गावातल्या मुलाचा होता. त्याने लिहिलं होतं, 'शाईचा डाग गेला. आभारी आहे. शेवटी ते काय वाजत होतं?'

बाईंनी "कळवते म्हणावं" असं काहीतरी पुटपुटत इस्त्री उचलली. पण काकांनी साडूंच्या गुडघ्यावर थाप मारली, आणि दोघे कितीतरी वेळ नुसते हसत राहिले.

तेव्हा वाचकहो, निरोप घेताना माझं एकच मागणं आहे. कुठे काही कानावर पडलं आणि पाय थबकला, तर त्या वाजवणाऱ्याचं चरित्र लिहायला बसू नका. त्याला शोधून काढल्याचा डंका तर मुळीच पिटू नका. त्या मुलासारखं नुसतं विचारा. आणि विचारलंत की उत्तर मिळेपर्यंत कृपा करून थांबा.